काका, जरा मोठ्यानं बोला

२१ एप्रिल
(ठिकाण लिहायला परवानगी नाही. थंडी आहे, एवढं लिहिलेलं चालतं.)

मृणाली,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं. तेवढ्यात शेजारचा गडी डोकावला म्हणून खोडलं. खोडल्यावर कागद घाण दिसायला लागला म्हणून नवा घेतला. तर या कागदावर ‘प्रिय’ नाही, पण आहे असं समज.

आणि घाबरू नकोस. पत्र आलं म्हणजे काहीतरी वाईट झालं असं आमच्या आईला वाटतं, तसं काही नाही. आम्हाला पुढच्या चौकीवर आणलंय आणि सगळ्यांचे मोबाइल जमा केलेत, इतकंच. पत्र्याच्या एका पेटीत पन्नासेक फोन आणि वर कुलूप. पहिले दोन दिवस सगळी पलटण रिकाम्या खिशावर हात मारत फिरत होती. तिसऱ्या दिवशी आमचे सुभेदार चांगदेव साहेब कोऱ्या आंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा घेऊन आले. म्हणाले, “तुमच्या आज्यांनी यावर संसार केले. लिहा.”

मी शेवटचं पत्र दहावीच्या पेपरात लिहिलं होतं. ‘शालेय साहित्याची मागणी करणारे पत्र.’ पाचात तीन मार्क मिळाले. तेव्हा हेही मागणीपत्रासारखं वाटलं तर सांभाळून घे.

वळ गावच्या तुमच्या घरच्या पत्त्यावर टाकायची हिंमत झाली नाही. तुझ्या पप्पांच्या हातात पडलं असतं तर चौकीपेक्षा तिकडेच जास्त धोका. म्हणून वैशालीच्या टेमघरच्या पत्त्यावर टाकतोय. ती गोदामात शिफ्टला येईल तेव्हा तुला देईल. वैशाली, तू हे फोडून वाचत असशील (वाचतेच आहेस), तर तुलाही नमस्कार.

इथला चढ असा आहे की पाणी आणायला गेलं तरी दम लागतो. काल चढताना तू आठवलीस. मी तुमच्या गोदामात लोडिंगला होतो, भरतीची तयारी करत होतो, आणि तू सकाळी स्कूटी आडवी लावून मोबाइलवर माझी वेळ मोजायचीस. मी धापा टाकत विचारायचो, “किती?” आणि तू दर वेळी पाच सेकंद वाढवून सांगायचीस. भरतीच्या दिवशी मी पहिल्या दहात आलो तेव्हा मला वाटलं घड्याळ बिघडलंय. सहा वर्षं झाली, मी अजून तुला त्याबद्दल माफ केलेलं नाही.

मागणी अशी आहे की पत्र लिहावे. मोठे लिहावे.

आपला आज्ञाधारक,
भूपेश

४ मे

मृणाली,

तुझं पत्र आलं. पाच पानं! मी जेवायच्या रांगेत उभ्याउभ्या वाचलं, वरण सांडलं, पुन्हा वाचलं. तू तोंडानं इतकी तडतड बोलतेस आणि अक्षर मात्र गोल गोल, लहान मुलीसारखं. हे मला माहीतच नव्हतं. फोनमुळे माणसाचं अक्षर कळत नाही.

तिसरं पान मात्र रांगेतून बाहेर येऊन वाचलं. काल्हेरचं स्थळ. काळी गाडी, स्वतःची दोन गोदामं, मुलगा दिसायला बरा. तू चहाचा ट्रे घेऊन आलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, “चहा घ्या, पण मी तयार नाही.” तेव्हापासून पप्पांशी बोलणं बंद. तुझी आई मधल्या मध्ये दोघांना जेवायला वाढते. मी हसलोही आणि मला लाजही वाटली. तू घरात लढतेयस आणि मी इथे वैशालीच्या पत्त्याआड लपलोय.

माझा चेहरा बघून साहेबांनी विचारलं, “काय रे, घरी सगळं बरं?” मी खोटं बोलणार होतो, पण त्यांच्यासमोर जमत नाही. सगळं सांगितलं. तुमची जमीन, आमची जमीन. तुमच्या शेतात गोदामं उभी राहिली, आमच्या शेतात अजून भातच येतो. मी त्याच गोदामात पोती वाहिली. आमची जात वेगळी.

ते म्हणाले, “चोरून पत्रं पाठवतोस?”

“हो साहेब.”

“बापाला लिही. आजच. मुलीचा बाप आहे तो, त्याला शेवटी कळता कामा नये.”

लिहिलं. खाली उतरवून पाठवतोय, म्हणजे घरी स्फोट झाला तर तुला कारण माहीत असेल:

‘केसरीनाथकाका, नमस्कार. मी भूपेश रघू शेलार, राहणार दिघाशी. फौजेत आहे. त्याआधी तुमच्या जागेवरच्या गोदामात लोडिंगला होतो. मृणाली आणि मी लग्न करायचं ठरवलं आहे. हे तुम्हाला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, उशीर झाला, त्याची माफी मागतो. सुट्टी मिळाली की समोर बसून बोलेन. तोपर्यंत तिच्यावर रागावू नका. माझ्यावर रागवा, मी लांब आहे.’

साहेबांनी वाचून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “हे शहाणपण कशाला?” म्हणाले. मग स्वतःच हसले आणि राहू दिलं.

तुझा,
भूपेश

(‘आज्ञाधारक’ परीक्षेपुरतं होतं.)

९ मे

मृणाली,

दोनच ओळी. मी ठीक आहे. टीव्ही बंद कर आणि आमच्या आईबाबांनाही कुणी बघू देऊ नये असं वाटतं, पण ते कसं सांगणार.

आवाज खूप आहे. इतका की बोलताना खुणा कराव्या लागतात. खालच्या वस्तीतली माणसं बंकरमध्ये हलवायचं काम आमच्याकडे आलंय. काल एका घरातली सगळी निघाली आणि नवऱ्यानं अर्ध्या वाटेवरून परत जाऊन कुकर आणला, आत राजमा शिजत होता म्हणे. बंकरमध्ये आम्ही सगळ्यांनी मिळून तो खाल्ला. मीठ कमी होतं. त्याच्या बायकोनं एवढ्या आवाजातही त्याला ते ऐकवलं.

तुझी पाच पानं खिशात आहेत.

भूपेश

१४ मे

मृणाली,

पत्ता बदललाय, पाकिटाच्या मागे लिहिलाय. हॉस्पिटलचा आहे. बस खाली, पाणी पी, मग पुढचं वाच.

आता सगळं थांबलंय, तुला कळलंच असेल. मी दोन हात, दोन पाय, एक डोकं घेऊन शाबूत आहे. कानात धूळ गेली होती, ती साफ करायला आणलंय. चार दिवसांचं काम. बाबांना साहेबांनी फोन करून कळवलंय. बाकी कुणाला सांगू नका असं मीच म्हणालो, उगाच गावभर होतं.

फोन अजून त्या पेटीतच आहे, आणि पेटी तिकडे डोंगरावर. म्हणून पुन्हा पत्र. मला आता याची सवयच लागलीय.

इथे गाद्या मऊ आहेत. सकाळी अंडं मिळतं. शेजारच्या खाटेवरच्या जवानाचा पाय प्लास्टरमध्ये आहे, तो दिवसभर गातो. छान गात असावा.

पप्पांना पत्र मिळालं का?

भूपेश

२८ मे

मृणाली,

तुझं पत्र आज आलं. गोल अक्षरं नाहीत त्यात. कागदाला पेन आरपार गेलंय दोन ठिकाणी.

तू विचारलंयस: वॉर्डात दहावीस माणसं असतील, सगळ्यांकडे फोन असतील, एकाचा मागून दोन मिनिटं बोलायला काय झालं? आणि ‘छान गात असावा’ म्हणजे काय? शेजारी गातोय तर छान गातो की वाईट गातो हे तुला कळत नाही का?

मी ते वाक्य लिहिताना सावध नव्हतो. तुझ्यासारखी बाई गोदामात बारकोड तपासायला बसवलीय ती उगाच नाही.

तर ऐक. मला ऐकू येत नाही.

दहा तारखेला सकाळी वस्तीत एकच म्हातारी राहिली होती. कोंबड्या सोडून येणार नाही म्हणून अडून बसलेली. साहेब म्हणाले, उचल. मी तिला पाठीवर घेतली, दोन कोंबड्या तिच्या काखेत. गोदामात पोतं घेतात तसा वाकून चालत होतो. लोडिंगचा फौजेत पहिल्यांदा उपयोग झाला. ती पूर्ण वाट मला शिव्या देत होती. बंकरच्या तोंडाशी मी तिला आत ढकललं आणि मागे गोळा पडला. म्हातारीला काही झालं नाही, कोंबड्यांनाही नाही. मी उठून उभा राहिलो, अंगावर ओरखडे होते, बाकी सगळं जागेवर. फक्त साहेबांचं तोंड हलत होतं आणि आवाज नव्हता. म्हणजे मी नीट ऐकलेला शेवटचा आवाज म्हणजे तिच्या शिव्या.

उजव्या कानाचा पडदा फाटलाय. डावा सुजलाय, त्यात शिट्टी वाजते आणि तिच्यामागे कुठेतरी लांब माणसं बोलतात. डॉक्टर पाटीवर लिहून दाखवतात. डावा परत येईल, उजव्याचं ऑपरेशन करून बघू, म्हणतात. पुढच्या चौकीवर बहुतेक ठेवणार नाहीत, स्टोअरला देतील. म्हणजे फिरून पुन्हा गोदामातच!

फोन घेतला असता तर तू बोलली असतीस आणि मी नुसतं ‘हं, हं’ करत राहिलो असतो. मेसेज केला असता तर पुढच्या मिनिटाला तुझा फोन आला असता. खरं कारण मात्र वेगळंच. पप्पांना नुकतंच लिहिलं होतं की तुमच्या मुलीशी लग्न करायचंय, आणि आठवड्यात मी बहिरा. काल्हेरच्या मुलाला दोन गोदामं आणि दोन कान आहेत. मला वाटलं, जरा बरं वाटलं की सांगू. मग रोज वाटत राहिलं, उद्या सांगू.

पप्पांचं तू लिहिलंस तेही कळेना. पत्र मिळालं, वाचलं, खिशात ठेवलं. रविवारी पांढरे कपडे घालून एकटेच गाडी घेऊन गेले ते दिवेलागणीला आले आणि न जेवता झोपले. कुठे गेले असतील? वकिलाकडे? काल्हेरला?

तुला आता विचार करायचा असेल तर कर. मी मनापासून म्हणतोय. पण उत्तर पत्रानंच दे.

भूपेश

४ जून

प्रिय मृणाली,

यावेळी कुणी डोकावत नाहीये. डोकावलं तरी काय, या वॉर्डात माझं आता काहीच लपलेलं नाही.

तुम्ही मला भेटून गेलात त्याला दोन तास झाले. गाडी पठाणकोटच्या आसपास असेल. माझं अठ्ठावीस तारखेचं पत्र तू पोचशील तेव्हा वैशालीकडे येऊन पडलेलं असेल. त्यात मी तुला ‘विचार कर’ वगैरे लिहिलंय. वाचून मला शिव्या द्यायच्या राहिल्या असतील तर दे, पण परवा तू इथे दिल्यास त्यात सगळ्या आल्या असाव्यात. तू दारातून आलीस, खाटेच्या पायथ्याशी उभी राहिलीस आणि दहा मिनिटं तुझं तोंड चालू होतं. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. डोळ्यांतून पाणी, हातात पर्स, पर्स माझ्या प्लास्टरवाल्या शेजाऱ्याला दोनदा लागली. मी नुसता बघत होतो. इतकं सुंदर मला कधीच कुणी झापलं नव्हतं.

आणि तुझ्या मागे पप्पा. पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल, हातात स्टीलचा डबा. मी उठून पाया पडायला गेलो तर त्यांनी दाबून बसवलं. काहीतरी बोलले. मला शिट्टी ऐकू आली.

मी म्हणालो, “काका, जरा मोठ्यानं बोला.”

पुन्हा बोलले. मी कानाला हात लावून मान हलवली.

तिसऱ्यांदा त्यांनी छाती भरून घेतली. तुझे आजोबा खाडीत होडीवर होते ना? या काठावरून त्या काठाला हाक मारणारा तो आवाज पप्पांकडे तसाच आलाय.

“पोरगी दिली तुला! आयकलास कं? दिली!”

ते मला ऐकू आलं. पूर्ण वॉर्डाला आलं. सिस्टर धावत आल्या, त्यांना वाटलं कुणाला काही झालं. एकानं हिंदीत विचारलं काय झालं, प्लास्टरवाला ओरडला, “शादी पक्की हो गई!” आणि चमच्यानं ताट बडवायला लागला. तू पर्स तोंडावर धरलीस. पप्पा इतके लाजले की टॉवेलनं उगाच मान पुसत राहिले. मग डबा उघडून खाटाखाटावर लाडू वाटत सुटले.

लाडू तोंडात घातला आणि मी थांबलो. तांदळाच्या पिठाचे, गुळातले, जरा जास्त सुंठ. आमच्या आईचे. मी पप्पांकडे बघितलं, त्यांनी नजर चुकवली.

तू सिस्टरबरोबर चहा आणायला गेलीस तेव्हा त्यांनी मला सगळं सांगितलं. तुला सांगितलेलं नाही, मला माहीत आहे. तू कालही मला पाटीवर लिहून विचारत होतीस की हे लाडू कुठून आले, आणि ते “आणले कुठून तरी” म्हणत होते. मला सांगायचं तर मोठ्यानं सांगावं लागलं, त्यामुळे ही गोष्ट तुझ्याआधी अकरा फौजींना माहीत आहे. आता तूही ऐक.

त्या रविवारी पप्पा दिघाशीला गेले होते. भांडायला. ‘तुमच्या पोराला आवरा’ असं बाबांना सांगायला. गाडी आमच्या अंगणात लागली. आई सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तिनं पांढऱ्या कपड्यातला माणूस उतरताना बघितला आणि सूप हातातून पडलं. तिला वाटलं, सरकारचा माणूस. माझी बातमी घेऊन आलाय.

ती धावत जाऊन त्यांचा हात धरून म्हणाली, “साहेब, माझा पोर हाय ना?”

“मना कायच कलंना,” पप्पा मला सांगत होते. “मी भांडाला गेलेलो. पन त्या बाईनं माजा हात असा धरला रं! मी बोललो, हाय, हाय, बरा हाय तुमचा पोर. मनाच कुठं ठाऊक होता तू हास्पिटलात हास!”

मग बाबांनी सगळं सांगितलं, गोळा, कान, हॉस्पिटल. पाणी दिलं. आईनं डोळे पुसले आणि विचारलं, “तुम्ही कोण? वळखला न्हाय.”

“मी मृणालीचा बाप.”

आई म्हणाली, “कोन मृणाली?”

मृणाली, मी आईला सांगितलंच नव्हतं गं. सहा वर्षांत हिंमत झाली नाही. साहेबांनी ‘बापाला लिही’ म्हटलं, मी तुझ्या पप्पांना लिहिलं आणि आईला लिहायचं राहून गेलं. आता घरी गेल्यावर त्याचं काय व्हायचं ते होईल.

पण पप्पा तिथेच हरले. मला म्हणाले, “तवा मना समजला. या पोरानं आयला सांगाच्या आदी मना सांगितला. माज्या पोरीनं पन मना सांगितला न्हवता. आनि तुला सांगतो, त्या बाईनं माज्याकडं काय बगितला न्हाय, गाडी न्हाय, काय न्हाय. बोलली, आलाव तर भाकरी खावा.” त्यांनी सुकटीची चटणी आणि भाकरी खाल्ली. तीन भाकऱ्या. म्हणून त्या दिवशी घरी जेवले नाहीत, रागानं नाही. दुसऱ्या रविवारी पुन्हा गेले, बाबांना घेऊन बांधावर फिरले. येताना आईनं लाडवांचा डबा दिला, ‘पोराला बघायला जाल तर’ म्हणून. जायचं ठरलं ते त्या डब्यामुळे, असं ते म्हणतात. डबा परत द्यायला हवा ना!

हे सांगताना त्यांचा घसा बसला. मी पाणी दिलं.

आता शेवटचं सांगतो. हे तुला माहीत नाही, पप्पांनाही माहीत नाही की मला माहीत आहे.

आज सकाळी तू सामान आवरायला खाली गेलीस. पप्पा खिडकीशी पाठ करून उभे होते. मी डाव्या कुशीवरून उठून बसत होतो. शिट्टी आज उठल्यापासून जरा बारीक झालीय, डॉक्टरांना सांगायचं होतं. खिडकीबाहेर बघत, माझ्याकडे न बघता, अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं ते म्हणाले,

“तू लवकर बरा हो रं बाला. लवकर घरी ये. पन लगीन थोडा उशिरा करा. पोरगी पाच हप्ते माज्याशी बोलली न्हाय. आता कुठं बोलाला लागली.”

मला सगळं ऐकू आलं. शब्द न् शब्द. शिट्टीच्या वरून.

मी ऐकू न आल्यासारखा पांघरुणाची घडी घालत बसलो. बोललो असतो तर ते टॉवेलनं मान पुसत बाहेर गेले असते. तू आलीस, त्यांनी पुन्हा खाडीतल्या आवाजात “निगतो आमी!” म्हणून सांगितलं, प्लास्टरवाल्यानं ताट वाजवलं, तुम्ही गेलात.

डॉक्टर आत्ताच येऊन गेले. पाटी न उचलता त्यांनी माझं नाव हळू विचारलं आणि मी सांगितलं. डावा आला, म्हणाले. उजव्याचं पुढे बघू.

तू काल पाटीवर खडूनं लिहिलं होतंस: ‘तुळशीचं लग्न झालं की दुसऱ्या दिवशी आपलं.’ खाली दोन रेघा मारल्या होत्यास. मला तर तुळशीच्याही आधी चाललं असतं. पण आपण माघात करू, मृणाली. तोवर रोज संध्याकाळी पप्पांबरोबर बसून चहा पीत जा. बोल त्यांच्याशी, भांड हवं तर, तुला विषयाची कमी नाही. मी त्यांच्याकडून काही ऐकलंय हे मात्र सांगू नकोस.

आणि पोचल्याबरोबर फोन कर. प्लास्टरवाल्याचा नंबर मागे लिहिलाय. मी डाव्या कानाला लावून बसतो.

तुझा,
भूपेश